घराखालची जमीन खचते आहे का, हे कसे ओळखावे आणि कसे मोजावे

मे महिन्याच्या अखेरीस मराठवाड्यातल्या अनेक घरांत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपा तडा दिसू लागतो, फरशी एका बाजूला उतरती लागते, दार चौकटीला घासू लागते, आणि जमीन खचली असे घरात बोलले जाते. मग गवंडी येतो, तडा सिमेंटने भरतो, वरून रंगाचा हात फिरवला जातो आणि दिवाळीच्या सुमारास शेजारीच नवा तडा निघतो. हा खर्च वाया जातो, कारण जमीन खाली गेली एवढेच पाहिले जाते. ती पुन्हा वर येते का, हे कोणी पाहत नाही. काळ्या मातीच्या प्रदेशात खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तर मिळवण्याची जी पद्धत पुढे दिली आहे, तिला लागणारी बहुतेक साधने कोणत्याही गवंड्याकडे असतात. मात्र उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे एक पूर्ण वर्ष तिला द्यावे लागते.

कशाला खचणे म्हणावे

विहीर खचली, पाया खचला, रस्ता खचला, असे आपण सरसकट म्हणतो आणि बोलण्यापुरते ते चालते. मोजणी करायची असेल तर मात्र अर्थ आवळून घ्यावा लागतो. जमिनीचा पृष्ठभाग आपल्या जागी हळूहळू खाली जाणे आणि खालीच राहणे, म्हणजे जमीन खचणे. शास्त्रीय लेखनात यासाठी भू-अवतलन हा शब्दही आढळतो. उतारावरची माती आणि दगड सुटून खाली येणे ही वेगळी घटना असून तिला दरड कोसळणे किंवा भूस्खलन म्हणतात. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी जे संकट कोसळले ते भूस्खलन होते. पुराने शेताचा वरचा थर वाहून गेला तर जमीन खरडून गेली असे म्हणावे. उन्हाळ्यात दबून पावसाळ्यात फुगणारी काळी जमीन या तिन्हींत बसत नाही. तिला फार तर जमीन हलते असे म्हणता येईल.

हा फरक तहसील कार्यालयात अर्ज देताना उपयोगी पडतो. गंभीर वाटावे म्हणून अर्जात भूस्खलन असे लिहिले आणि पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला सपाट जागेवर तडा गेलेली भिंत दिसली, तर अर्ज आणि पंचनामा यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे भिंतीला किती रुंदीचा तडा गेला, कोणता कोपरा किती मिलिमीटर खाली गेला, हे किती महिन्यांत घडले, असे डोळ्यांना दिसणारे आणि मोजता येणारेच लिहावे.

मराठवाड्यातली जमीन का हलते

जगात जिथे जमीन मोठ्या प्रमाणावर खचली आहे, तिथे बहुतेक ठिकाणी खाली गाळाचे जाड थर आहेत आणि त्यांतून उपसलेले भूजल हे मुख्य कारण आहे. मेक्सिको शहर जुन्या तळ्याच्या चिकणमातीवर वसले असून त्याचे काही भाग वर्षाला ५० सेंटिमीटरपर्यंत खाली जातात. तिथल्या स्वातंत्र्यस्तंभाभोवतीची जमीन इतकी उतरली की १९१० मध्ये उभारलेल्या त्या स्तंभाला पुढे १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या. कॅलिफोर्नियातल्या सान वाकीन खोऱ्यात शेतीसाठी झालेल्या उपशामुळे १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन जवळजवळ ९ मीटर खाली गेली. मातीच्या कणांमधले पाणी काढून घेतले की वरचा भार कणांवर पडतो, कण दाटीने बसतात, आणि एकदा दाटून बसलेली चिकणमाती नंतर पाणी मिळाले तरी पूर्ववत होत नाही.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे कठीण थर आहेत, आणि भूजल असते ते या काळ्या पाषाणाच्या भेगांत व त्यावरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात. भेगांतले पाणी संपले म्हणून पाषाण दबत नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आणि त्यानंतरही, इतके बोअर मारले तर जमीन खाली बसेल अशी धास्ती अनेकांनी बोलून दाखवली. उपशाविरुद्ध बोलायला पुष्कळ चांगली कारणे आहेत, परंतु आठशे फुटांवरच्या खडकातले पाणी ओढल्यामुळे घराचा कोपरा खचला, हे कारण बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. गोदाकाठी जिथे गाळाचा थर जाड आहे, तेवढ्या पट्ट्यात मात्र ते डोक्यात ठेवावे.

आपल्याकडची जमीन हलते ती वरच्या दहा-बारा फुटांत. काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे. जुन्या लोकांना हे खनिजाचे नाव ठाऊक नसले तरी व्यवहार ठाऊक होता. गावाच्या भाषेत काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वसायची. गावठाण आणि गढी जिथे आहेत तिथली माती पांढरी, चुनखडीची किंवा मुरमाड असते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वस्ती पांढरी ओलांडून काळीत उतरली, गुंठेवारीचे प्लॉट पडले, आणि ज्या मातीत कापूस व ज्वारी होती तिच्यात तीन फुटांचे पाये घेऊन घरे उभी राहिली. आजच्या तक्रारींपैकी फार मोठा भाग या एका बदलातून आला आहे.

मोजण्यापूर्वीची पाहणी

मोजपट्टी हातात घेण्याआधी घराभोवती सावकाश एक फेरी मारावी आणि आखलेल्या कागदावर घराचा नकाशा काढून त्यात काही गोष्टी नोंदवाव्यात. न्हाणीचे पाणी कुठे जाते, पत्र्याची पन्हळ कुठे पडते, शोषखड्डा पायापासून किती अंतरावर आहे, पाण्याची टाकी पाझरते का, कडुनिंब किंवा पिंपळ किती जवळ आहे, हे सर्व त्यात यावे. घर बांधताना जागेवर भराव टाकला होता का, हेही विचारून घ्यावे. मोठे झाड उन्हाळ्यात पायाखालची ओल खेचून घेते आणि त्या बाजूची माती आकसते. गळकी टाकी नेमके याच्या उलट करते. नांदेड जिल्ह्यात शोषखड्ड्यांची मोहीम गाजली आणि गटारे कमी झाली हे चांगलेच झाले, परंतु काळ्या मातीत पायाला खेटून शोषखड्डा घेतला तर घराची ती एक बाजू बारमाही फुगलेली राहते. पायापासून निदान पंधरा फूट अंतर सोडावे आणि खड्डा मुरमापर्यंत न्यावा.

याच फेरीत तड्यांचा आकार पाहावा. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत गेलेला तिरपा तडा पाया असमान हलल्याचे सांगतो. तो वर रुंद आणि खाली बारीक असेल तर घराचे टोक किंवा कोपरा खाली गेला असण्याची शक्यता अधिक असते. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर मधला भाग दबला किंवा कडा उचलल्या गेल्या असे समजावे. आडवा, छताला समांतर तडा बहुधा स्लॅबच्या उन्हाने प्रसरण पावण्याचा असतो आणि जाळीसारख्या बारीक रेघा गिलाव्याच्या असतात. या दोन्हींचा जमिनीशी संबंध नाही. दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर एकमेकांना छेदणारे फुलीसारखे तडे अचानक आले असतील तर भूकंपाच्या धक्क्याचा विचार करावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर, धाराशिव आणि हिंगोली या भागांत जमिनीतून आवाज आला की लोक घराबाहेर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु गूढ आवाज ही जमीन खचल्याची खूण नाही, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवावी.

स्थिर खूण शोधणे

सगळ्या मोजणीचा आधार एका अशा बिंदूवर आहे जो स्वतः हलत नाही, आणि तो चुकीचा निवडला गेला तर वर्षभराचे कष्ट पाण्यात जातात. शेजाऱ्याच्या घराचा ओटा, विजेचा खांब, कुंपणाची भिंत, रस्त्याची कड यांपैकी काहीही चालत नाही, कारण त्यांचे पायही त्याच काळ्या मातीत असतात. वर आलेला पाषाण जवळ असेल तर त्याच्यावर छिन्नीने केलेली खूण सर्वांत उत्तम. तो नसेल तर मुरमावर बसवलेल्या जुन्या देवळाचा दगडी जोता पाहावा. मराठवाड्यात आणखी एक सोय जवळजवळ प्रत्येक वाड्यावस्तीत आहे, ती म्हणजे बोअरचा लोखंडी केसिंग पाइप. तो मातीचा आणि झिजलेल्या खडकाचा थर ओलांडून कठीण पाषाणात टेकवलेला असतो, त्यामुळे आजूबाजूची माती वरखाली झाली तरी तो सहसा जागचा हलत नाही. बोअरभोवतीचा सिमेंटचा ओटा आणि पाइप यांच्यामध्ये फट पडून पाइप अधिकाधिक वर आल्यासारखा दिसू लागला, तर पाइप वर आलेला नसतो, ओटा खाली गेलेला असतो. उपशामुळे खचलेल्या प्रदेशांत जगभर जमीन उतरल्याचे असेच विहिरींच्या पाइपांवरून लक्षात आले आहे.

शक्य असेल तर दोन स्थिर खुणा घ्याव्यात. दोन्हींमधला उंचीचा फरक वर्षभर तोच राहिला तर दोन्ही विश्वासार्ह आहेत. तो बदलला तर एक तरी हलते आहे, हे लगेच कळते. पाइपावर हॅक्सॉने बारीक खाच पाडावी आणि शेजारी तेलरंगाने बाण काढावा.

यानंतर घराच्या चारही कोपऱ्यांवर, लांब भिंतीच्या मध्यावर आणि तडा असलेल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून साधारण दोन फुटांवर स्टीलचे स्क्रू बसवावेत. चुन्याची किंवा खडूची रेघ पुसली जाते, रंगकामात झाकली जाते. स्क्रूंना क्रमांक द्यावेत आणि तेच क्रमांक नकाशावर लिहावेत.

पाण्याच्या नळीने पातळी घेणे

गवंड्याची लेव्हल पाइप, म्हणजे पारदर्शक पाण्याची नळी, हे साधन स्वस्त असले तरी काळजीपूर्वक वापरले तर पंधरा-वीस मीटर अंतरावर दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक दाखवते. काळ्या मातीवरच्या हलक्या घरात कोपऱ्याची वर्षभरातली हालचाल काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत असू शकते, म्हणून एवढी अचूकता आपल्या कामाला पुरते.

नळी बादलीतून एका टोकाने ओढून भरावी, म्हणजे बुडबुडे कमी राहतात. राहिलेले बुडबुडे नळीला टिचक्या मारून काढून टाकावेत. एकही मोठा बुडबुडा आत राहिला तर वाचन खोटे येते. पाण्यात थोडी नीळ किंवा खाण्याचा रंग टाकला तर रेषा स्पष्ट दिसते. वाचताना दोन्ही टोके उघडी हवीत. अंगठ्याने दाबून धरलेली नळी घेऊन चालत जाणे ठीक, परंतु वाचन घेण्याच्या क्षणी अंगठा काढलाच पाहिजे. नळीतल्या पाण्याचा पृष्ठभाग कडेला चढलेला आणि मध्ये खोलगट असतो, म्हणून दोन्ही टोकांना खोलगट भागाचा तळच वाचावा. नळीचा अर्धा भाग तापलेल्या अंगणात आणि अर्धा सावलीत असेल तर दोन्हीकडच्या पाण्याच्या तापमानात फरक पडून पातळी फसवते, त्यामुळे मोजणी सूर्योदयानंतर लगेच करावी. मेमध्ये तर दुसरी वेळ नाहीच.

एका टोकाचे पाणी स्थिर खुणेच्या खाचेशी आणावे. दुसरे टोक पहिल्या स्क्रूजवळ धरून पाण्याची रेषा स्क्रूच्या मध्यापासून किती मिलिमीटर वर किंवा खाली आहे ते स्टीलच्या पट्टीने मोजून लिहावे. असे सर्व स्क्रू झाल्यावर पुन्हा पहिल्या स्क्रूवर यावे. पहिले आणि शेवटचे वाचन तीन मिलिमीटरपेक्षा अधिक वेगळे आले तर त्या दिवसाची सगळी वाचने रद्द करून पुन्हा घ्यावीत. आकडे जुळवून घेण्याचा मोह टाळावा.

भिंत कलते आहे का, हे ओळंब्याने पाहावे. गच्चीच्या कठड्यावरून ओळंबा सोडून दोरी आणि भिंत यांतले अंतर वर आणि खाली मोजावे. वाऱ्याने ओळंबा हलत असेल तर तो पाण्याच्या बादलीत बुडू द्यावा, तो लवकर स्थिरावतो.

तडा उघडतो आहे की मिटतो आहे

तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना एपॉक्सीने चिकटवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. पट्टी फुटली म्हणजे हालचाल झाली. ही पद्धत घबराट कमी करायला चांगली आहे, कारण पट्टी शाबूत असेपर्यंत तडा जुना आणि थांबलेला आहे असे मानता येते. परंतु ती एकदा फुटली की पुढे काही सांगत नाही. तडा उन्हाळ्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो का, हे पाहायचे असेल तर तड्याच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन बारीक स्क्रू त्रिकोणात बसवावेत आणि त्यांच्यामधली तिन्ही अंतरे व्हर्नियर कॅलिपरने, म्हणजे मिलिमीटरहून बारीक अंतर मोजणाऱ्या सरकत्या मापाने, मोजावीत. दोन स्क्रूंनी फक्त रुंदी कळते. तिसऱ्यामुळे भिंतीचा एक तुकडा दुसऱ्याच्या मानाने वरखाली सरकला का, हेही कळते. तड्याच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहून ठेवावी, म्हणजे तो लांबला का ते दिसते. पाच मिलिमीटरपर्यंतचे तडे सहसा दुरुस्तीचा विषय असतात. पंधरा मिलिमीटरच्या पुढे गेलेला तडा नोंदवहीत न ठेवता लगेच अभियंत्याला दाखवावा.

केव्हा मोजावे आणि काय लिहावे

महिन्यातून एकदा मोजले तर उत्तम. तेवढे जमत नसेल तर जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर हे चार महिने चुकवू नयेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी याच चार महिन्यांत घेते, त्यामुळे आपल्या आकड्यांशेजारी परिसरातल्या भूजलाचे आकडेही ठेवता येतात. मेचे शेवटचे आणि ऑक्टोबरचे पहिले वाचन सर्वांत मोलाचे आहे. पहिल्यात माती सर्वांत कोरडी असते आणि दुसऱ्यात सर्वांत ओली.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, मागील महिन्यातला पाऊस, जवळच्या विहिरीतले पाणी आणि घराभोवती झालेला बदल लिहावा. नळ फुटला, झाड तोडले, शेजारी पाया खोदला, ट्रॅक्टरने भराव टाकला, या गोष्टी त्या वेळी किरकोळ वाटतात. वर्षाअखेरीस आकडे वाचताना त्यांच्याशिवाय अर्थ लागत नाही. दरवेळी त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून, तड्याशेजारी पट्टी धरून छायाचित्र घ्यावे.

नोंदवही वाचणे

सर्व कोपरे मेमध्ये खाली आणि ऑक्टोबरमध्ये वर, आणि पुढच्या मेमध्ये साधारण त्याच ठिकाणी, असे दिसले तर जमीन खचत नाही, श्वास घेतल्यासारखी फुगते आणि आकसते आहे. पाया उथळ असल्याने घर तिच्याबरोबर हलते. अशा घराला पायाखाली सिमेंट ओतण्याची नव्हे, पायाशेजारची ओल वर्षभर सारखी ठेवण्याची गरज असते.

दर वाचनाला कोपरा थोडा थोडा खालीच जातो, पावसाळ्यातही वर येत नाही, आणि हळूहळू वेग मंदावतो, तर भराव बसतो आहे. बुजवलेला आड, जुना नाला किंवा वीटभट्टीचा खड्डा अशा जागी हे हमखास घडते. भराव न दाबता टाकला असेल तर तो कित्येक वर्षे बसत राहतो. येथे खचणे हा शब्द खऱ्या अर्थाने लागू होतो. वेग मंदावत नसेल, उलट वाढत असेल, तर पायाखालून माती वाहून जात असण्याची शंका घ्यावी. फुटलेली सांडपाण्याची नळी आणि कालव्याचा पाझर ही तिची नेहमीची कारणे आहेत.

वाचनात एक फसगत फार वेळा होते. काळ्या मातीवर नवे घर बांधले की त्याच्या मध्यभागाखालची ओल वर उडून जाऊ शकत नाही, ती साठते, आणि काही वर्षांत मधली फरशी उचलली जाते. कडा जागच्या जागी असतात, पण घरात उभ्या असलेल्या माणसाला कडा खचल्यासारख्या दिसतात. मग कडांखाली आधार दिला जातो, आणि मधला फुगवटा तसाच राहतो. स्थिर खूण घराबाहेर का हवी, याचे कारण हेच आहे. घरातल्या घरात मोजले तर कोण वर गेले आणि कोण खाली गेले, हे कधीच कळत नाही.

एखाद्या वाचनात एकच स्क्रू एकदम दहा-पंधरा मिलिमीटर खाली गेला आणि बाकीचे जागेवर असतील, तर आधी स्क्रू सैल झाला नाही ना ते पाहावे. तो घट्ट असेल तर पुढचा भाग वाचावा.

पेव, आड आणि अचानक पडणारे भगदाड

जुन्या गावठाणात ज्वारी साठवण्यासाठी खोदलेली पेवे आजही आहेत. कित्येक बुजवली गेली, कित्येक तोंडावर फरशी टाकून विसरली गेली. वर घर, गोठा किंवा रस्ता आला, पावसाचे पाणी आत शिरले, आणि कधीतरी वरचा घुमट कोसळतो. येथे वर्षभर वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. अंगणात गोल उतार तयार होणे, पावसाचे पाणी एका जागी भोवऱ्यासारखे नाहीसे होणे, पहारेने ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, ही लक्षणे दिसली तर त्या जागेपासून माणसे व जनावरे दूर करावीत, दोरी बांधावी आणि ग्रामपंचायतीला कळवावे. गावातल्या वयस्क आजी-आजोबांना बसवून पेवे, आड, भुयारे कुठे होती ते नकाशावर मांडून घेण्याचे काम प्रत्येक गावठाणात व्हायला हवे. ही माहिती सातबाऱ्यावर सापडत नाही.

उघडलेल्या पेवात कोणत्याही कारणाने उतरू नये. आतल्या हवेत प्राणवायू नसतो, माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही तसाच जातो.

घराची दारे एका रात्रीत अडकली, भिंतीचे पोट पुढे आले, तडा दिवसागणिक रुंदावू लागला किंवा भिंतीतून करकर आवाज येऊ लागला, तर मोजणी सोडून घर रिकामे करावे आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर फोन करावा. जोशीमठच्या परिसरात उपग्रहाच्या मोजणीनुसार २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खाली गेली होती. मोजणीत असा वेग दिसला तर ती वेळ निरीक्षणाची नसते.

माती फुगणारी आहे का, याची चाचणी

शेतीसाठीचा माती परीक्षण अहवाल येथे उपयोगाचा नाही. त्यात सामू, नत्र, स्फुरद, पालाश असते, मातीचे फुगणे नसते. त्यासाठी मुक्त फुगवटा निर्देशांक काढतात आणि भारतीय मानक २७२० च्या भाग ४० मध्ये त्याची रीत दिली आहे. पायाच्या खोलीवरची माती भट्टीत वाळवून, कुटून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. तिचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग १०० मिलिलीटरच्या दोन मापननळ्यांत घालून एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल भरायचे, हवा निघून जावी म्हणून ढवळायचे, आणि २४ तास ठेवायचे. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीच्या आकारमानातून रॉकेलातल्या मातीचे आकारमान वजा करून, त्याला रॉकेलातल्या आकारमानाने भागून शंभरने गुणले की निर्देशांक मिळतो. पाण्यात १८ मिलिलीटर आणि रॉकेलात १० मिलिलीटर भरले तर निर्देशांक ८० टक्के. पन्नासच्या वर गेलेली माती अतिशय फुगणारी समजावी. शाळेच्या प्रयोगशाळेतून मापननळ्या मिळाल्या तर अंदाजापुरती ही चाचणी घरीही होते. रॉकेल मिळवणे हेच आता अवघड झाले आहे. बांधकामाचा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा मात्र अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाकडून किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून अहवाल घ्यावा.

नोंदीवरून पुढे काय करावे

फुगणे-आकसणे सिद्ध झाले असेल तर घराभोवती चार-पाच फूट रुंदीची, बाहेर उतार दिलेली फरसबंदी करावी, पन्हळीचे पाणी नळीने दूर न्यावे, गळत्या बंद कराव्यात आणि झाडाबाबत घाईने निर्णय घेऊ नये. मोठे झाड एकदम तोडले तर वाळलेली माती पुन्हा ओल धरून फुगते आणि नवे तडे पडतात. तडा भरायचा तो माती मध्यम ओलीची असताना, म्हणजे हिवाळ्यात, आणि शक्यतो लवचीक भरणीने. मेमध्ये पूर्ण उघडलेल्या तड्यात कडक सिमेंट ठासले तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही.

भराव बसतो आहे असे दिसले तर तो कितपत मंदावला आहे, यावर उपाय ठरतो, आणि तो ठरवणे अभियंत्याचे काम आहे. आपली वर्षभराची नोंदवही, नकाशा आणि छायाचित्रे त्याच्यापुढे ठेवावीत. या तीन गोष्टी हातात असल्या की पाया सरसकट उकरण्याचा महागडा सल्ला बहुधा टळतो.

नवे घर काळीतच बांधायचे असेल तर माती उकरून मुरमापर्यंत जावे. काळीचा थर फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी फुगीर असणारे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, वापरतात. ते साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ओल-वाळीच्या थराखाली नेतात, आणि त्यांवरच्या तुळईखाली मातीला फुगायला मोकळी जागा सोडतात. जोत्यात भरायला मुरूमच आणावा. पाया खोदताना निघालेली काळी माती जोत्यात परत भरण्याची पद्धत स्वस्त पडते म्हणून सगळीकडे चालते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तीच फरशी उचलते.

दुरुस्ती झाल्यावर स्क्रू काढून टाकू नयेत. पुढच्या मे आणि ऑक्टोबरमध्ये तीच वाचने त्याच नळीने घ्यावीत. आकडे जागेवर राहिले तरच काम झाले असे समजून ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्यावा.